हा आकडा आला कोठून ?

गेल्या पंधरवड्यात आमच्या टपालात बडोद्याहून एक पत्र आले. मोबाईलवर दोन ओळी टाकून मोकळे होण्याच्या या दिवसांत एका तरुणाने चार पानी पत्र स्वहस्ताक्षरात लिहावे याचे आम्हांस प्रथम कौतुक वाटले. पत्र वाचून झाल्यावर मात्र कौतुकाची जागा लज्जेने घेतली. पत्रलेखक खानापूर तालुक्यातला. पदवीपर्यंतचे शिक्षण सीमाभागात पुरे करून तो इतिहासाच्या अभ्यासासाठी महाराजा सयाजीराव विद्यापीठात गेला आहे आणि रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेस, अलकापुरीत, दोघा मित्रांसह खोली करून राहिला आहे. कालिदासाच्या यक्षाने मेघाला जिकडे धाडले त्या कुबेरनगरीचे नाव या वस्तीला आहे. आमच्या विद्यार्थ्याचा मेघाशी संबंध येतो तो इतकाच, की पाऊस फार झाला म्हणजे अलकापुरीचे गरनाळे पाण्याने भरते आणि रुळांपलीकडील विद्यापीठात जाण्यासाठी त्याला दूरचा फेरा पडतो.

त्याच्या प्राध्यापकांनी एक निबंध लिहावयास सांगितला. विषय १९५६ च्या राज्यपुनर्रचनेचा. सीमाभागातल्या मुलाने सीमाप्रश्न घेतला यात नवल नाही. निबंधात त्याने एका गावातील मराठी भाषकांची संख्या दिली आणि तळटीपेत आमच्या पत्राचे नाव व तारीख लिहिली. प्राध्यापकांनी त्या तळटीपेभोवती वर्तुळ काढून बाजूला लिहिले, "वृत्तपत्राने कोठून घेतला ?" पोराने तोच प्रश्न आमच्याकडे पाठविला.

आम्ही कचेरीतील कात्रणे काढली. तो आकडा आम्ही एकदा नव्हे, तीनदा छापलेला आहे. पहिल्या वेळी तो एका जाहीर सभेतील भाषणाच्या वृत्तांतात आला होता. ते भाषण करणारे वयोवृद्ध कार्यकर्ते आजही आमच्यात आहेत. त्यांच्याकडे माणूस पाठविला. ते निःशंकपणे म्हणाले, "अहो, तुमच्याच अंकात वाचला होता मी !" म्हणजे आमच्याच दारातून निघालेला आकडा गावभर हिंडून, व्यासपीठावर चढून, टाळ्या घेऊन पुन्हा आमच्याच दारात आला होता आणि त्याचे मूळ गाव कोणते, हे आम्हांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. सत्तर वर्षे जो लढा आकड्यांवर, कागदांवर व करारांवर उभा आहे असे आम्ही सांगत आलो, त्या लढ्याच्या मुखपत्राची ही अवस्था !

आम्ही उत्तर धाडण्यापूर्वीच विद्यार्थ्याचे दुसरे पत्र आले. विद्यापीठाच्या हंसा मेहता ग्रंथालयात त्याने काउंटरवर चौकशी केली होती. तेथील ग्रंथपालबाईंनी त्याला पुस्तक काढून दिले नाही. त्यांनी उलट प्रश्न केले. गावातली माणसे मोजण्याचे कारण कोणाला होते ? मोजणाऱ्याने ती संख्या कोठे छापली असेल ? ज्या वर्षी मोजली त्या वर्षी ते गाव कोणत्या राज्यात होते ? या तिसऱ्या प्रश्नाशी पोर अडखळले, कारण तोपर्यंत दोन दिवस ते कर्नाटकाच्या खान्यात १९५१ ची शिरगणती शोधीत बसले होते. १९५१ साली बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता ! बेळगावची खानेसुमारी सापडावयाची तर मुंबईच्या खंडांत सापडणार. ज्या अन्यायाविरुद्ध हे पोर लहानपणापासून घोषणा देत आले, तोच अन्याय पुस्तक शोधताना त्याच्या ध्यानी राहिला नव्हता. मुंबईचे खंड हाती आल्यावर दोन दुपारींत त्याला जिल्ह्याच्या पुस्तिकेतील गावांची यादी सापडली. तीत त्याला काय दिसले ते पुढे सांगू.

हा प्रसंग बडोद्यात घडावा हे यथायोग्यच झाले. महाविद्यालयीन विद्यार्थ्याला ग्रंथालय वापरावयास शिकविणे ही गोष्ट आज आपणांस परदेशातून आलेली फॅशन वाटते. परंतु वाचकाला पुस्तकापर्यंत नेणे हे शिकवण्याचे व शिकण्याचे शास्त्र आहे, हे आपल्या देशात ज्या भूमीने प्रथम ओळखले ती बडोद्याची भूमी होय. आणि ओळखणारा पुरुष होता नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा एक शेतकऱ्याचा मुलगा. १८७५ साली दत्तक घेतला गेला तेव्हा त्याला धड अक्षरओळखही नव्हती. हेच सयाजीराव महाराज पुढे १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली सर्व संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करते झाले. पण शाळा काढून ते थांबले नाहीत. शिकलेला मुलगा शाळा सुटल्यावर वाचील काय, हा प्रश्न त्यांना पडला. अमेरिकेच्या प्रवासात त्यांनी तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली आणि १९१० साली विल्यम अॅलन्सन बोर्डन नामक अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणून संस्थानच्या ग्रंथालयांचा कारभार त्याच्या हाती सोपविला. आपल्या राजवाड्यातील ग्रंथसंग्रह महाराजांनी मध्यवर्ती ग्रंथालयास देऊन टाकला.

बोर्डन तीन वर्षे राहिले. त्यांच्या कार्याचा ज्या भागाकडे आमचे विशेष लक्ष आहे तो इमारतीचा वा कपाटांचा नाही. मांडवीजवळच्या त्या ग्रंथालयाचे काचेच्या तळाचे मजले पाहुणे कौतुकाने पाहतात, ते त्यांनी पाहावेत. आम्हांस महत्त्वाचा वाटतो तो १९११ साली त्यांनी सुरू केलेला ग्रंथपालांचा शिक्षणवर्ग. पुस्तके विकत घेता येतात. पुस्तक कोणाला, केव्हा व कशासाठी हवे हे ओळखणारा माणूस विकत मिळत नाही, तो घडवावा लागतो, हे त्या वर्गामागचे तत्त्व होते. बडोद्याच्या ग्रंथालय मंडळाने १९१२ साली ग्रंथालयविषयाचे नियतकालिक काढले तेही इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तीन भाषांत. गुजराती मुलखातील संस्थानाने आपल्या ग्रंथालयशास्त्रात मराठीला स्थान दिले होते, याची नोंद भाषिक अल्पसंख्याकांवर राज्य करणाऱ्या आजच्या सरकारांनी घ्यावयास हरकत नाही. बोर्डन परतल्यावर ज. स. कुडाळकर व पुढे न्यूटन मोहन दत्त यांनी हे काम चालविले. कुडाळकरांनी १९१९ साली या चळवळीवर इंग्रजीत ग्रंथच लिहिला. लाकडी पेट्यांतून पुस्तके खेडोपाडी जात. एखाद्या गावाने वाचनालयासाठी वर्गणी जमविली की तितकीच रक्कम प्रांत पंचायत घाली व तितकीच सरकार घाली. गावाचा हात प्रथम खिशात गेला पाहिजे, ही त्यातील खुबी होती.

याच बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली एक तरुण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला. १९१७ साली तो करारानुसार नोकरीसाठी बडोद्यास परतला तेव्हा या शहरात त्याला राहावयास जागा मिळू दिली गेली नाही, हा कलंक बडोद्याने विसरू नये आणि आपण सर्वांनीच विसरू नये. पण कोलंबियात व लंडनमध्ये ग्रंथालयांत बसून त्याने जी विद्या मिळविली ती कोणास हिरावून घेता आली नाही. प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील डॉ. आंबेडकरांचा १९२५ चा ग्रंथ अंदाजपत्रके व सरकारी अहवाल यांच्या ढिगाऱ्यातून उभा राहिला आहे. भाषावार प्रांतरचनेच्या आयोगापुढे १९४८ साली त्यांनी महाराष्ट्राविषयी जे निवेदन ठेवले त्यात त्यांनी महाराष्ट्राचे क्षेत्रफळ, लोकसंख्या व उत्पन्न मांडून हा प्रांत स्वतःच्या पायावर उभा राहू शकतो असे दाखविले. १९५५ साली भाषावार राज्यांवर लिहिलेल्या पुस्तकातही कोष्टके आहेत. संयुक्त महाराष्ट्राची बाजू राज्यपुनर्रचना आयोगापुढे मांडताना धनंजयराव गाडगिळांसारख्या अर्थशास्त्रज्ञांनी हेच केले. मोर्चे निघत होते, माणसे गोळ्यांना छातीवर घेत होती, आणि त्याच वेळी काही माणसे दिव्याखाली बसून तक्ते जुळवीत होती. पहिल्यांची स्मारके आपण उभारली व ती योग्यच केली. दुसऱ्यांचे कसब मात्र पुढील पिढीस शिकवावयाचे राहून गेले.

आज आमच्या महाविद्यालयांत काय घडते ? ज्या महाविद्यालयातून हा विद्यार्थी पदवीधर झाला त्याचे नाव आम्ही घेत नाही. नाव कोणतेही घातले तरी फारसा फरक पडणार नाही. त्याने लिहिले आहे की जूनमध्ये प्रवेश झाल्यावर सर्व नव्या मुलांना एकदा रांगेने ग्रंथालयातून फिरविले गेले. ही कपाटे, ही वाचनाची खोली, इतक्या पुस्तकांचे कार्ड, उशीर झाल्यास इतका दंड. चाळीस मिनिटांत शिक्षण संपले. पुढली तीन वर्षे तो त्या ग्रंथालयात गेला तो परीक्षेपूर्वी नोट्स आणण्यासाठी. कपाटांना कुलूप असे. चिठ्ठीवर नाव लिहून दिले म्हणजे शिपाई पुस्तक आणून देई. ज्याला पुस्तकाचे नावच माहीत नाही त्याने चिठ्ठीवर काय लिहावे ? आणि ज्ञानाच्या शोधात निघालेल्या माणसाची अवस्था नेमकी हीच असते, त्याला आपल्या पुस्तकाचे नाव ठाऊक नसते.

अमेरिकेत हा प्रयोग करून पाहिलेले लोक आहेत. इंडियाना राज्यातील अर्लहॅम नावाच्या एका लहानशा महाविद्यालयात इव्हान फार्बर हे १९६२ पासून ग्रंथपाल होते. नुसता फेरफटका वा सर्वसामान्य व्याख्यान फुकट जाते, हे त्यांच्या ध्यानी आले. म्हणून ते प्राध्यापकाशी संगनमत करीत. प्राध्यापकाने वर्गात निबंधाचा विषय दिला, मुलांच्या पोटात गोळा उठला, की त्या घटकेला ग्रंथपाल वर्गात यावयाचा आणि त्याच विषयासाठी कोणता कोश, कोणती सूची, कोणता अहवाल, कोणत्या क्रमाने उघडावा हे दाखवावयाचा. भूक लागल्यावर पानावर वाढणे आणि पोट भरले असता पाककृती ऐकविणे, यांत जे अंतर आहे तेच या दोन पद्धतींत आहे. बडोद्याच्या त्या बाईंनी फार्बरचे नाव ऐकले असेल वा नसेल, परंतु त्यांनी केले ते हेच.

यावर आमचे काही प्राध्यापक मित्र म्हणतील की आता ग्रंथालयात जावयास हवेच कशाला, सर्व काही मोबाईलमध्ये आहे. बरेच काही आहे हे आम्ही मान्य करतो. गांधीनगरचे इन्फ्लिबनेट केंद्र चालविते त्या शोधगंगेत देशभरच्या विद्यापीठांचे प्रबंध घरबसल्या वाचता येतात; जुने गॅझेटिअर वाचता येते. परंतु शोधगंगेचे नाव आमच्या किती पदवीधरांनी ऐकले आहे ? आणि आता तर यंत्राला प्रश्न विचारला की यंत्र तत्काळ उत्तर देते, मागितल्यास संदर्भही देते, पुस्तकाचे नाव, पृष्ठ, साल सर्व काही. आणि शोधावयास जावे तर कधी कधी ते पुस्तक पृथ्वीतलावर छापलेच गेलेले नसते. आमच्या सभेतील वक्त्याने निदान आमच्या अंकात तरी वाचले होते ! तेव्हा मोबाईल आल्यामुळे ग्रंथपालाचे काम संपले हे म्हणणे विपरीत आहे. पूर्वी पुस्तक मिळत नसे ही अडचण होती. आता खोटे आणि खरे एकाच वेषात, एकाच वेगाने समोर येऊन उभे राहते.

सामान्य विद्यार्थ्यास हे कौशल्य नसले तर त्याचे गुण कमी होतील. सीमाभागातील विद्यार्थ्यास ते नसले तर आपल्या सर्वांचा दावा दुबळा होईल. १९५९ च्या कायद्याने आंध्र व मद्रास यांची सीमा बदलली गेली ती पाटसकरांच्या निवाड्यानुसार. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुसंख्या ही त्यातील सूत्रे आपल्या कार्यकर्त्यांच्या जिभेवर आहेत. पण खेडे हा घटक मानावयाचा म्हणजे एकेका खेड्याचा कागद हाती हवा ! १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ मध्ये दिलेला अहवाल आपल्याला मान्य नाही. तो का मान्य नाही हे सांगणारे शेकडो आहेत, तो मुळातून वाचलेले किती आहेत? आपल्या सभांतून कधी ८१४ गावे म्हटली जातात, कधी ८६५. ऐकणारा तरुण दोन्ही वेळा सारख्याच आवेशाने टाळ्या वाजवितो. कोणता आकडा कोणत्या मागणीपत्रातला, असे विचारण्याची सवय त्याला कोणी लावलेली नाही. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. न्यायालयात आवेश चालत नाही, तेथे दस्तऐवज लागतो.

शिवाय दस्तऐवज नुसता सापडून भागत नाही, तो वाचावयास शिकले पाहिजे. खानेसुमारीतील 'मातृभाषा' या एका शब्दाचेच पाहा. १९५१ साली पाळण्यापासून बोललेली भाषा अशी तिची व्याख्या होती. पुढल्या गणनांत आईने बालपणी मुलाशी बोललेली भाषा असे तिचे स्वरूप झाले. दोन गणनांतील आकडे शेजारी शेजारी मांडणाऱ्याने हे पाहिले नाही तर समोरचा वकील पाहील.

येथे एक अप्रिय गोष्ट सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. शोध करावयास शिकलेला विद्यार्थी केवळ आपल्या बाजूचेच कागद आणणार नाही. मुंबई सरकारने १८८४ साली प्रसिद्ध केलेला बेळगावच्या गॅझेटिअरचा खंड तो उघडील तेव्हा त्यात आपल्याला अनुकूल असे सापडेल आणि प्रतिकूल असेही सापडेल. या मुलखातील कन्नड शिलालेख त्याला भेटतील, फ्लीटने कन्नड जिल्ह्यांतील राजवंशांवर लिहिलेला ग्रंथ भेटेल. त्याने ते लपवावेत असे आम्ही म्हणणार नाही. बाराव्या शतकात राजा कोणत्या भाषेत दानपत्र कोरीत होता यावर आपली मागणी उभी नाही. आज येथे राहणारा माणूस कोणत्या भाषेत जगतो व कोणाच्या राज्यात राहू इच्छितो यावर ती उभी आहे. प्रतिपक्षाचा पुरावा आधी आपण वाचला असेल तर वादात धक्का बसत नाही. तो आपल्या मुलांपासून दडविला तर ती परगावच्या वसतिगृहात तो प्रथम ऐकतील आणि निरुत्तर होतील. असे निरुत्तर होऊन परतलेले तरुण आम्ही पाहिले आहेत. त्यांतील काहींनी पुढे चळवळीकडे पाठ फिरविली.

करावयाचे काय, तर फार मोठे काही नाही. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचे आहे. ज्या शहराने विद्यापीठे निघण्यापूर्वी वाचनालय काढले, ज्या शहरातील साहित्य संमेलनातून १९४६ साली संयुक्त महाराष्ट्राची मागणी देशापुढे गेली, त्या शहराला ग्रंथांचे महत्त्व परक्याने सांगावयास नको. निपाणी, खानापूर, कारवार, भालकी येथेही जुनी वाचनालये व त्यांवर माया करणारी माणसे आहेत. आमची सूचना अशी की सीमाभागातील प्रत्येक महाविद्यालयातील मराठीच्या व इतिहासाच्या प्राध्यापकांनी येत्या सत्रात मुलांना एकच काम द्यावे: स्वतःच्या गावाविषयी प्रचलित असलेले कोणतेही एक विधान घ्यावे आणि त्याचे मूळ शोधावे. गावाचे नाव कसे पडले, शाळा कोणत्या साली निघाली, मराठी शाळेचे वर्ग केव्हा व कोणत्या आदेशाने कमी झाले, काहीही चालेल. काम दिल्याच्या दिवशीच ग्रंथपालांना वर्गात बोलवावे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची करून १९४३ साली प्रसिद्ध केली. ती मुलांच्या हातात द्यावी आणि एखादे जुने पुस्तक तिच्यातून शोधून दाखवावयास सांगावे. विश्वकोश उघडावा. आपल्या प्रांतावर लिहिलेला प्रबंध शोधगंगेवर आहे का पाहावे. मूळ सापडले नाही तर 'सापडले नाही, येथे येथे पाहिले' असे लिहिणाऱ्यास पूर्ण गुण द्यावेत. आमच्या मते हाच भाग सर्वांत कठीण जाईल, कारण आपल्याकडे 'माहीत नाही' म्हणणाऱ्यास गुण देण्याची रीत नाही.

पैशाचा प्रश्न निघेल. महाविद्यालयांत ग्रंथपालांच्या जागा रिकाम्या असतात, असलेल्या ग्रंथपालास परीक्षेच्या कामास जुंपले जाते, ही तक्रार खरी आहे व ती आम्ही यापूर्वीही या स्तंभात मांडली आहे. परंतु प्रश्न विचारावयास शिकविण्यास अनुदान लागत नाही. बडोद्याच्या त्या बाईंनी तीन प्रश्न विचारले, त्याला पाच मिनिटे लागली असतील.

आता त्या आकड्याविषयी. जिल्ह्याच्या पुस्तिकेत विद्यार्थ्याला ते गाव मिळाले. १९५१ साली त्या गावाची सबंध लोकसंख्या जेवढी होती तिच्याहून आम्ही छापलेली मराठी भाषकांची संख्या अधिक होती ! पोर प्रथम घाबरले, मग त्याने यादी पुढे चाळली. त्याच नावाचे दुसरे, मोठे गाव शेजारच्या तालुक्यात आहे. कोणी तरी, कधी तरी, एकाचे माप दुसऱ्याच्या पदरात घातले आणि आम्ही ते तीन वेळा छापले. सुदैवाने प्रतिपक्षाच्या आधी ते आमच्याच पोराच्या दृष्टीस पडले. मराठी भाषकांचा खरा आकडा तो अजून शोधीत आहे. मिळाला की ग्रंथ व पृष्ठासह तो येथे प्रसिद्ध होईल. तोवर जुना आकडा कोणीही भाषणात वापरू नये, अशी सर्व वक्त्यांना विनंती आहे. दुरुस्ती आजच्या अंकात तिसऱ्या पानावर, मूळ बातमी ज्या टायपात छापली होती त्याच टायपात दिली आहे.